फ्लेमिश व्यक्तिचित्रांची जोडी विकत घेताना : आधी पाठ पाहा, मग चेहरे

‘सतराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकाराने रंगवलेली पती-पत्नीची दोन तैलचित्रे, जोडीनेच विक्रीस’ अशा वर्णनाची चित्रे अँटवर्प, ब्रसेल्स किंवा लंडनच्या लिलावांत आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत वारंवार दिसतात. काळा पोशाख, पांढरीशुभ्र गळपट्टी, मागे गडद पार्श्वभूमी, एका कोपऱ्यात कुलचिन्ह आणि दुसऱ्या कोपऱ्यात वय व साल, असा त्यांचा साधारण थाट असतो. कलाबाजारात ‘फ्लेमिश’ या शब्दाचा अर्थ आजच्या फ्लँडर्स प्रांतापुरता मर्यादित नसतो. अँटवर्प, ब्रूज, गेंट, मेकेलेन आणि ब्रसेल्स या शहरांसह तेव्हाच्या संपूर्ण दक्षिण नेदरलँड्समधील, म्हणजे ढोबळमानाने आजच्या बेल्जियममधील, चित्रे त्यात मोडतात.

अशी जोडी समोर आली की बहुतेक ग्राहक पहिला प्रश्न विचारतात तो चित्रकाराचा. माझ्या मते तो प्रश्न बराच नंतरचा आहे. पहिला प्रश्न असा असायला हवा की, ही दोन चित्रे खरोखर एकमेकांसाठी रंगवली गेली होती काय? विक्रेता जास्तीची किंमत मागतो ती जोडीपणाची, आणि नेमका तोच दावा तपासण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. वारसाहक्काच्या वाटणीत एका भावाकडे आजोबा आणि दुसऱ्याकडे आजी असे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले, त्यामुळे एकेकटी उरलेली चित्रे युरोपभर विखुरली. पुढे एखाद्या व्यापाऱ्याला साधारण एकाच काळातला एकटा पुरुष आणि एकटी स्त्री सापडली, की मोठे चित्र कापून लहानाच्या मापाचे करायचे, दोघांना सारख्या चौकटी चढवायच्या आणि ‘दांपत्य’ म्हणून विकायचे, हा उद्योग एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. म्हणून खालील तपासणी करावी.

प्रत्यक्ष जाण्यापूर्वी

विक्रेत्याकडून दोन्ही चित्रांची चौकटीबाहेर काढून घेतलेली छायाचित्रे मागवावीत : समोरून, पाठीमागून, चारही कडांची, आणि एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून घेतलेली. मापे मिलिमीटरमध्ये आणि प्रत्येक चित्राची वेगळी मागावीत, कारण ‘अंदाजे ७० बाय ५० सेंटिमीटर’ या एका ओळीत पुष्कळ काही लपते. पाठीचे छायाचित्र द्यायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याकडे जाण्याचा प्रवासखर्च वाचवावा.

त्यानंतर वर्णनातले शब्द वकिलाच्या नजरेने वाचावेत. लिलावाच्या सूचीत चित्रकाराचे नुसते नाव असेल तर लिलावगृह ते चित्र त्याच्याच हातचे मानते. ‘अॅट्रिब्यूटेड टू’ म्हणजे बहुधा त्याचे. ‘स्टुडिओ ऑफ’ म्हणजे त्याच्या कार्यशाळेत, कदाचित त्याच्या देखरेखीखाली झालेले. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या काळातील, त्याच्या प्रभावाखालील कोणा अनामिकाचे. ‘फॉलोअर ऑफ’ म्हणजे त्याच्या शैलीत काम करणाऱ्याचे, पण तो त्याचा शिष्य असेलच असे नाही. ‘मॅनर ऑफ’ म्हणजे त्याच्या धर्तीवर बऱ्याच नंतर केलेले, आणि ‘आफ्टर’ म्हणजे सरळसरळ नक्कल. ‘साइन्ड’ आणि ‘बेअर्स सिग्नेचर’ यांतही मोठा फरक आहे. दुसऱ्या शब्दप्रयोगात सही चित्रावर आहे एवढेच सांगितलेले असते, ती कोणाची याची जबाबदारी घेतलेली नसते. ही प्रतवारी काही आजच्या व्यापाऱ्यांनी शोधून काढलेली नाही. अँटवर्पचा चित्रकार रूबेन्स याने १६१८ साली हेगमधील इंग्रज राजदूत सर डडली कार्लटन यांना प्राचीन संगमरवरी शिल्पांच्या बदल्यात चित्रे देऊ केली, तेव्हा पत्रासोबतच्या यादीत कोणते चित्र संपूर्ण आपल्या हातचे, कोणत्यात दुसऱ्या चित्रकाराचा हात आहे आणि कोणते शिष्याने सुरू करून आपण सुधारले, हे त्याने स्वतःच नोंदवले होते. चारशे वर्षांपूर्वी खुद्द रूबेन्सने जी स्पष्टता दाखवली, तिची अपेक्षा आजच्या विक्रेत्याकडून ठेवण्यात संकोच कसला?

दोन्ही चित्रे शेजारी ठेवून, चार पावले मागून

चित्रे एकाच उंचीवर शेजारी उभी करायला सांगावीत. रूढ पद्धतीप्रमाणे पुरुष पाहणाऱ्याच्या डावीकडे आणि स्त्री उजवीकडे असते. कुलचिन्हशास्त्रात चित्रातील व्यक्तीची उजवी बाजू मानाची, आणि पत्नी पतीच्या डाव्या हाताला, असा तो संकेत आहे. दोघेही किंचित आत, एकमेकांकडे वळलेले असतात. याला अपवाद सापडतात, पण उलट मांडणी दिसली तर तिचे कारण विचारायलाच हवे.

आता डोळ्यांची पातळी पाहावी, डोक्यांचा आकार मोजावा, आणि आकृती कंबरेखाली कुठे कापली आहे ते दोन्हीकडे ताडून पाहावे. यानंतर प्रकाश. हा मुद्दा मला सर्वांत बोलका वाटतो. खऱ्या जोडीत दोघांवर प्रकाश सहसा एकाच दिशेने, बहुधा पाहणाऱ्याच्या डावीकडून येतो, कारण चित्रे शेजारी-शेजारी टांगली जाणार हे चित्रकाराला ठाऊक असते. याचा परिणाम असा होतो की डावीकडे वळलेल्या पत्नीचा चेहरा प्रकाशाला सामोरा असल्याने भरून उजळतो, तर उजवीकडे वळलेल्या पतीच्या पलीकडच्या गालावर सावली दाट पडते. दोघांवर दोन विरुद्ध दिशांनी प्रकाश येत असेल, तर त्यांची गाठ स्वर्गात नव्हे, दुकानात बांधली गेली असण्याची शक्यता बळावते.

पार्श्वभूमी सलग आहे का, हेही पाहावे. क्वेन्टिन मात्सिस या अँटवर्पच्या चित्रकाराने १५१७ साली डच विद्वान इरॅस्मस आणि त्याचा मित्र पीटर गिलिस यांची जोडचित्रे रंगवली, आणि त्या दोघांनी ती इंग्रज विचारवंत टॉमस मोर यांना भेट म्हणून पाठवली. तेथे पुस्तकांच्या फळ्या एका चित्रातून दुसऱ्यात सलग जातात, जणू दोघे मित्र एकाच खोलीत बसले आहेत. आज इरॅस्मस ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आणि गिलिस इंग्लंडमधील लाँगफर्ड कासलमध्ये आहे. दोघांच्याही इतर जुन्या आवृत्त्या असल्याने मूळ जोडी कोणती हे ठरवण्याच्या कामी अशाच तपशिलांचा उपयोग होतो. याउलट हान्स मेमलिंगने १४७० च्या सुमारास ब्रूजमध्ये रंगवलेले तोमासो पोर्तिनारी आणि मारिया बारोन्चेल्ली हे दांपत्य (आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात) हात जोडून मधल्या रिकाम्या जागेकडे वळलेले दिसते, कारण त्यांच्या मध्ये मेरी आणि बाल येशूचा तिसरा फलक (लाकडी फळीवरचे चित्र) असावा असे मानले जाते. म्हणजे काही वेळा ‘जोडी’ ही मुळात तिघांची उरलेली दोन चित्रे असतात. जुने दोघेही हात जोडून बसलेले असतील तर ही शक्यता मनात ठेवावी.

कपडे आणि अक्षरे

जात्याच्या तळीसारखी गोल, चुण्यांची ताठ गळपट्टी सोळाव्या शतकाच्या अखेरीस आणि सतराव्याच्या पहिल्या दशकांत जोरात होती. १६३० च्या दशकापर्यंत खांद्यांवर पसरणाऱ्या, लेसच्या सपाट कॉलरने तिची जागा बरीचशी घेतली. पती नव्या कॉलरमध्ये आणि पत्नी जुन्या गळपट्टीत असेल तर शंका घ्यावी, मात्र निकाल देऊ नये, कारण वयस्क आणि सनातनी वृत्तीची माणसे जुनी वेशभूषा पुढे अनेक वर्षे सांभाळत.

वरच्या कोपऱ्यात लॅटिनमध्ये ‘एटाटिस सुए ३४’ आणि ‘आनो १५८७’ अशी अक्षरे आढळतात. पहिल्याचा अर्थ वयाच्या चौतिसाव्या वर्षी, दुसऱ्याचा अर्थ त्या साली. दोन्ही चित्रांतील अक्षरांची उंची, वळण, आकड्यांचा घाट आणि कडेपासूनचे अंतर जुळले पाहिजे. कुलचिन्हांतही एक खूण असते. विवाहित स्त्रीचे चिन्ह पुष्कळदा शंकरपाळ्याच्या आकारात असते आणि त्याचे उभे दोन भाग असतात, एकात पतीचे घराणे, दुसऱ्यात माहेरचे. त्या पहिल्या भागातील चिन्ह पतीच्या चित्रावरील चिन्हाशी जुळत नसेल, तर जोडीचा दावा तेथेच कोसळतो.

अर्थात चिन्हे आणि अक्षरे नंतर घातलेली असू शकतात. वंशजांनी अभिमानापोटी घातली किंवा विक्रेत्याने फायद्यापोटी. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन अक्षराच्या कडेला पाहावे. रंगाला पडलेली बारीक भेग अक्षराच्या रंगालाही चिरून जात असेल तर अक्षर जुने. अक्षराचा रंग भेगेत उतरलेला, नाल्यात पाणी साचावे तसा साचलेला दिसला, तर भेगा पडून गेल्यावर कोणीतरी ते लिहिले आहे. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा विसरता येत नाही.

चित्र उलटे करा

येथे मला माझी स्वतःची चूक सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुकानात मला १६२० च्या सुमाराची अशी एक जोडी दाखवण्यात आली. चेहरे सुरेख होते, चौकटी सारख्या होत्या, आणि मी पाठ न पाहता आगाऊ रक्कम देऊन मोकळा झालो. दुसऱ्या भेटीत चौकटी उतरवल्या तेव्हा दिसले की पुरुषाचा फलक तीन उभ्या फळ्या जोडून केलेला आणि चारही कडांना मागून तासून पातळ केलेला होता. स्त्रीचा फलक दोन फळ्यांचा होता, तीन कडा तशाच तासलेल्या, पण डावी कड मात्र पूर्ण जाडीची, करवतीने सरळ कापलेली आणि वर तपकिरी रंग फासलेली. समोरून पाहिले तर त्याच बाजूला तिच्या खुर्चीचा हात मध्येच तुटलेला होता, आणि मी तो आधी पाहूनही पाहिला नव्हता. रक्कम परत मिळाली नाही. तेव्हापासून मी आधी पाठ पाहतो.

पाठ पाहताना काय शोधायचे ते सविस्तर सांगतो. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतची पुष्कळ फ्लेमिश चित्रे ओकच्या फळ्यांवर आहेत, आणि त्यातला चांगला ओक बाल्टिक किनाऱ्यावरून जहाजाने येई. उभ्या व्यक्तिचित्रात लाकडाचे तंतू सहसा उभे असतात. कडा मागून तासलेल्या असत, म्हणजे फलक चौकटीच्या खाचेत बसे. चारही कडा तासलेल्या असतील तर फलकाचे मूळ माप टिकले आहे असे मानण्यास आधार मिळतो. पंधराव्या आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फलकांवर आणखी एक सुंदर पुरावा असतो : फलक चौकटीत बसवूनच त्यावर खडूचे अस्तर दिले जाई, त्यामुळे रंगाच्या अगदी कडेला अस्तराचा बारीक उंचवटा आणि त्यापलीकडे कोऱ्या लाकडाची पट्टी राही. तो उंचवटा चारही बाजूंना असेल तर चित्र कापलेले नाही.

अँटवर्पच्या फलकांवर डागण्या सापडतात. तेथे फलक बनवणारे कारागीर चित्रकारांच्याच सेंट ल्यूक संघात असत, आणि १६१७ साली संघाने त्यांच्यासाठी नियम घालून दिले. तपासणी झालेल्या फलकावर शहराचे चिन्ह, म्हणजे किल्ला आणि त्यावर दोन हात, तापल्या लोखंडाने उमटवले जाई, आणि कारागीर आपली अक्षरमुद्रा ठोकत असे. दोन्ही फलकांवर एकाच कारागिराची मुद्रा असणे हा जोडीच्या बाजूचा फार चांगला पुरावा आहे. मुद्रा नसणे हा मात्र विरुद्ध पुरावा ठरत नाही, कारण पुढे पुष्कळ फलक मागून तासले गेले आणि त्यावर लाकडी पट्ट्यांची जाळी बसवली गेली. एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय असलेली ही जाळी फलक सरळ ठेवण्यासाठी होती, परंतु लाकडाची हालचाल अडवल्याने तिनेच अनेक फलकांना उभे तडे पाडले. जाळी दिसली की समोरून त्याच रेषेत तडा आहे का ते पाहावे.

चित्र कॅनव्हासवर असेल तर विणीची घनता दोन्हीकडे एकसारखी आहे का ते पाहावे, आणि कडांजवळ धाग्यांना झालरीसारखी वक्रता आहे का ते शोधावे. कापड ताणताना ही वक्रता येते. तीन बाजूंना ती असून चौथ्या बाजूला नसेल तर ती बाजू कापली गेली असण्याचा संभव आहे. पाठीवर दुसरे कापड चिकटवलेले असणे ही जुन्या चित्रांत सर्रास आढळणारी दुरुस्ती आहे. मेण आणि राळ यांच्या मिश्रणाने ते चिकटवण्याची रीत नेदरलँड्समध्ये एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, आणि तिने काही चित्रांचे रंग कायमचे गडद केले.

पाठीवरची कागदाची चिठ्ठी, खडूने लिहिलेला आकडा, सीमाशुल्काचा शिक्का, यांतले काहीही पुसू देऊ नये, आणि प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे. लाकडावर काळ्या साच्याने छापलेले अक्षर-आकडे क्रिस्टीज या लिलावगृहाच्या जुन्या नोंदींपर्यंत पोहोचवू शकतात.

अतिनील दिवा आणि प्रयोगशाळा

खोली पूर्ण काळोखी करून अतिनील दिवा लावावा. नैसर्गिक राळेचे जुने रोगण हिरवट चमकते, आणि त्यावर नंतर केलेली डागडुजी काळ्या ठिपक्यांसारखी उठून दिसते. पार्श्वभूमीत ठिपके असणे फारसे चिंतेचे नाही. डोळे, तोंड आणि हात यांवर मोठे काळे डाग असतील तर तुम्ही सतराव्या शतकातील चेहऱ्याऐवजी विसाव्या शतकातील दुरुस्तीची किंमत मोजत आहात. एक सावधगिरी बाळगावी : संपूर्ण चित्र एकसारखे गडद हिरवे दिसत असेल, तर खालची डागडुजी झाकण्यासाठी वरून दाट रोगण दिलेले असू शकते.

किंमत मोठी असेल तर दोन-तीन शास्त्रीय तपासण्यांचा खर्च करावाच. ओकच्या वार्षिक वर्तुळांची मोजणी केल्यास झाड कोणत्या वर्षानंतर तोडले गेले हे कळते. ती चित्र रंगवल्याची तारीख सांगत नाही, फक्त कोणत्या सालाच्या आधी ते रंगवलेले असणे अशक्य आहे एवढे सांगते. पण दोन्ही फलकांतील फळ्या एकाच झाडाच्या निघाल्या, तर जोडीबद्दल यापेक्षा भक्कम पुरावा मिळणे अवघड आहे. अवरक्त कॅमेऱ्याने रंगाखालचे कोळशाचे किंवा काळ्या शाईचे रेखाटन दिसते. मूळ चित्रात चित्रकाराने बोट हलवले, कॉलर बदलली असे बदल सापडतात, तर नकलेत रेषा गिरवल्यासारखी निर्जीव येते.

रंगद्रव्यांची तपासणी तर कालनिर्णयाची कसोटीच आहे. शिसे-कथिलाचा पिवळा अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होता, मग विसरला गेला आणि १९४० च्या सुमारास पुन्हा ओळखला गेला, म्हणून तो सापडणे हे शुभलक्षण. प्रशियन निळा १७०० नंतरच्या पहिल्या दशकातला, कोबाल्ट निळा १८०२ चा, आणि टायटॅनियम पांढरा पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा. १६२० च्या चित्रात या तीन नव्या रंगांपैकी काही सापडले, तर ते कोठे सापडले हा खरा प्रश्न असतो : वरच्या डागडुजीत असेल तर क्षम्य, मूळ थरात असेल तर चित्र तितके जुने नाही.

मालकीचा इतिहास

चित्र कोणाकोणाच्या हातून आले याची साखळी लेखी मागावी आणि १९३३ ते १९४५ ही वर्षे विशेष काळजीने तपासावीत. या काळात नाझी राजवटीने ज्यूंकडून हजारो चित्रे लुबाडली किंवा दबावाखाली विकत घेतली. अॅमस्टरडॅमचे चित्रविक्रेते जॅक गाउडस्टिकर यांच्या संग्रहातील २०२ चित्रे डच सरकारने त्यांच्या वारसांना परत केली ती २००६ साली, म्हणजे युद्ध संपल्यावर साठाहून अधिक वर्षांनी. चोरीच्या व हरवलेल्या कलाकृतींची नोंद ठेवणाऱ्या लंडनच्या आर्ट लॉस रजिस्टरकडून शोध-प्रमाणपत्र घ्यावे, आणि लुबाडलेल्या कलाकृतींच्या जर्मनीच्या ‘लॉस्ट आर्ट’ सूचीतही पाहावे. यादीत नाव नसणे म्हणजे चित्र निष्कलंक असे नव्हे, पण तुम्ही शोध घेतला होता हे दाखवणारा कागद पुढे मोलाचा ठरतो. तुलनेसाठी हेगच्या आरकेडी या कला-इतिहास संस्थेचा छायाचित्रसंग्रह, अँटवर्पचे रूबेनियानम हे फ्लेमिश कलेचे अभ्यासकेंद्र आणि ब्रसेल्सच्या शाही सांस्कृतिक वारसा संस्थेची ‘बालाट’ ही ऑनलाइन सूची हाताशी ठेवावी. एखादे चित्र पूर्वी एकटेच विकले गेल्याचे जुने छायाचित्र तेथे मिळाले, तर ‘कधीही विलग न झालेली जोडी’ या दाव्याचे काय करायचे ते तुम्हीच ठरवाल.

कागदपत्रे आणि वाहतूक

देयकावर चित्रकार, काळ, ‘मूळ जोडी’ हा दावा, झालेली दुरुस्ती आणि दावा खोटा ठरल्यास परतफेडीची अट हे सगळे शब्दांत आले पाहिजे. तोंडी आश्वासनाला येथे काही किंमत नाही. लिलावात बोलीवर खरेदीदाराचे अधिशुल्क लागते, बहुधा २५ टक्क्यांच्या आसपास, ते धरूनच आपली कमाल बोली आधी कागदावर लिहावी.

युरोपीय संघाबाहेर नेताना ५० वर्षांहून जुने आणि दीड लाख युरोंहून अधिक किमतीचे चित्र असेल तर निर्यात परवाना लागतो. शिवाय फ्लँडर्समध्ये २००३ च्या कायद्यानुसार अत्यंत महत्त्वाच्या कलाकृतींची वेगळी यादी आहे, आणि तीतील वस्तू परवानगीविना बाहेर नेता येत नाही. भारतात आणणाऱ्यांनी १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा आधी समजून घ्यावा. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही, त्यामुळे आज आणलेले चित्र उद्या पुन्हा युरोपात विकू असा हिशेब मनात असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि जाणकार वकील यांचा सल्ला घेतल्याशिवाय पेटी हलवू नये.

घरी आणल्यावर

ओकची फळी तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. संग्रहालये सापेक्ष आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या पट्ट्यात स्थिर ठेवू पाहतात, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती ८० च्या पुढे सहज जाते. वातानुकूलन दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवणे हे सलग दमट हवेपेक्षाही वाईट, कारण फळीला खरा त्रास होतो तो चढउतारांचा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेला युरोपीय चित्रांचा संग्रह आहे आणि त्या संस्थेचे संवर्धन केंद्रही आहे. आपल्या हवेत अशी चित्रे कशी सांभाळतात ते तेथे जाऊन पाहावे आणि विचारावे. कापलेला बटाटा, पाव किंवा ओल्या फडक्याने चित्र ‘उजळवण्याचा’ घरगुती उपाय मात्र कोणीही सांगितला तरी करू नये.

चौकटीत फलक खिळ्यांनी घट्ट ठोकू नये. पितळी पट्ट्या आणि नमदा वापरून त्याला हलायला जागा ठेवावी. बाहेरच्या, पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीवर, स्नानगृहाला लागून असलेल्या भिंतीवर किंवा उन्हाच्या तिरिपेत टांगू नये. प्रत्येक चित्राला दोन स्वतंत्र आधार द्यावेत, डोळे एका पातळीत येतील असे मोजून घ्यावे, आणि पुरुष डावीकडे व स्त्री उजवीकडे ठेवून मध्ये वीतभर अंतर सोडावे. बाजू चुकल्या तर दोघेही एकमेकांकडे पाठ फिरवून खोलीबाहेर पाहत बसतात.